पेण-रोह्याचे बेने-इस्राएल व त्यांचें मूळ श्रद्धावचन

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यांतील पेण व रोहें या गांवांचीं नांवें पेणकर, रोहेकर या बेने-इस्राएली आडनांवांत टिकून आहेत. तेल गाळणें हा या समाजाचा जुना धंदा. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हा समाज आपल्या लिखित धर्माकडे केव्हां व कसा वळला, याचा येथें विचार करावयाचा आहे.

परंपरा याचें श्रेय दावीद राहबी यास देते. त्यानें स्त्रियांस मासे रांधावयास दिले. त्यांनीं खवले व पर नसलेले मासे बाजूस काढले, त्यावरून त्यानें हे यहुदी होत असें ओळखलें, अशी कथा आहे. राहबीचा काळ कोणी सुमारें हजार वर्षांपूर्वींचा मानतात, कोणी अठराव्या शतकांतला.

येथें दोन पत्रें निर्णायक वाटतात. मिशनरी सार्टोरियस यानें १७३८ सालीं लिहिलें कीं, या लोकांपाशीं धर्मग्रंथ नाहींत; त्यांस ‘शेमा’ तेवढा ठाऊक आहे. ‘शेमा’ म्हणजे ईश्वराचें एकत्व सांगणारें मूळ वचन. कोचीनचा व्यापारी एझेकिएल राहबी यानें १७६८ सालीं हॉलंडांतील टोबियास बोआस यास हेंच कळविलें. मराठी मुलुखांत राहून हे तेल गाळतात, शब्बाथ पाळतात व शेमा म्हणतात, असें तो सांगतो. लेखक भिन्नधर्मी, अंतर तीस वर्षांचें, साक्ष मात्र एक. तेव्हां राहबी कोणत्याही शतकांतला असो, ग्रंथाध्ययन तोंवर समाजांत रुजलें नव्हतें, असें आमचें मत आहे.

तें रुजलें पुढील शतकांत, आणि मुख्यतः मराठीच्या द्वारें. मुंबईस १७९६ सालीं सामुएल दिवेकर यांनीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. १८२६ सालीं कोचीनहून शिक्षक आले. डॉ. विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींत हिब्रू व्याकरण छापिलें. हेतु धर्मांतराचा, परंतु शिकणारे त्याच्या बळावर आपल्याच धर्मांत दृढ झाले. १८४६ सालीं वल्हांडणाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाली. रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८) व पेण (१८६३) येथें प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं.

ग्रंथ हातीं आले तसा मतभेदही आला. १९२५ सालीं डॉ. जेरुशा झिराड यांनीं मुंबईस ‘ज्युइश रिलिजस युनियन’ स्थापिली. विधींत कालोचित फेर करावा हा उदारांचा पक्ष. परंपरागत नियम सोडूं नये हा सनातन्यांचा. दोन्ही पक्षांचें मूळ वचन तेंच, जें घाण्याजवळ ग्रंथाविना टिकलें होतें. वाद होता तो त्यावर रचलेल्या आचारांचा. एलिया पैगंबराच्या नांवें होणारा मलिदा तर ग्रंथ येऊनही कोंकणांतून गेला नाहीं.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. हस्तलिखितसंग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या दप्तरांत मराठी प्रार्थनांची वही किंवा हिब्रू कथेवरील कीर्तनाचें बाड सांपडल्यास तें किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नये. वरील दोन पत्रें परस्थांचीं आहेत. या समाजाची स्वतःची साक्ष अशाच कागदांत असणार.