लेहमन : पाच दिवसांचा घटनाक्रम

(सप्टेंबर 2008. वेळा न्यूयॉर्कच्या.)

शुक्रवार 12, संध्याकाळी 6
लिबर्टी स्ट्रीटवरच्या न्यूयॉर्क फेडमध्ये बड्या बँकांचे प्रमुख जमले आहेत. अर्थमंत्री हेन्री पॉलसन स्पष्ट सांगतात, लेहमन ब्रदर्ससाठी सरकारी पैसा मिळणार नाही. शेअर 3.65 डॉलरवर बंद झालाय. 1850 सालची ही पेढी रोज रात्रीपुरत्या उचललेल्या कर्जावर चालते. सोमवारी ते कर्ज मिळणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

शनिवार
लेहमनला विकत घेऊ शकतील अशी गिऱ्हाइकं दोनच. त्यातली बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंचकडे वळते. उरली ब्रिटनची बार्कलेज बँक.

रविवार, दुपारच्या आधी
लंडनहून नकार येतो. सौदा व्हायचा तर लेहमनच्या व्यवहारांची हमी बार्कलेजने ताबडतोब द्यायला हवी. त्यासाठी ब्रिटनमध्ये भागधारकांचं मतदान लागतं आणि ती अट शिथिल करायला तिथली नियामक संस्था तयार नाही. मला हा नकार रास्त वाटतो. परक्या पेढीची जोखीम ब्रिटिश करदात्यांनी का उचलावी? संताप येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. सौदा फिसकटला तर काय, याची तयारी किती तोकडी होती! लेहमनसोबतचे डेरिव्हेटिव्ह सौदे आपसात मिटवायला बाजार उघडला जातो तो त्याच दुपारी, काही तासांसाठी. फारसं काही मिटत नाही.

सोमवार, रात्री 1:45
दिवाळखोरीचा अर्ज. देणी 613 अब्ज डॉलर. मुंबईत सव्वाअकरा वाजलेत, बाजार चालू आहे. टोकियो, हाँगकाँग, शांघाय सुट्टीमुळे बंद, त्यामुळे आशियातल्या विक्रीचा मोठा मारा उघड्या बाजारांवर. सेन्सेक्स सुमारे 470 अंकांनी पडतो. पवईत लेहमनचं मोठं कार्यालय आहे; तिथल्या माणसांच्या नोकऱ्या आता टांगणीला. पुढे जपानी पेढी नोमुरा ते विकत घेते.

सोमवार, संध्याकाळी 4
डाऊ 504 अंक खाली. छायाचित्रं याच आकड्याची निघतात. खरा घाव मात्र अजून दिसायचा आहे.

मंगळवार, संध्याकाळ
रिझर्व्ह प्रायमरी फंड. मुद्दल सुरक्षित राहतं म्हणून लोकांनी बँकेतल्या ठेवीसारखा मानलेला. त्याच्याकडे लेहमनचे 78.5 कोटी डॉलरचे अल्पमुदतीचे रोखे आहेत. ते आता शून्य धरावे लागतात, आणि फंडातल्या प्रत्येक डॉलरचे 97 सेंट होतात. शुक्रवारच्या खोलीत या फंडातल्या गुंतवणूकदारांच्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं. रात्री विमा कंपनी एआयजीला 85 अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज जाहीर होतं; तोवर अशा इतर फंडांतूनही पैसा निघू लागलाय. हेच फंड कंपन्यांचे अल्पमुदतीचे रोखे घेत, आणि त्या पैशावर कंपन्यांचे पगार, मालाची बिलं भागत. बुधवारपासून ते रोखे घ्यायला फारसं कोणी धजत नाही.