खुलताबादचा फेरा : एका कबरीपलीकडे

औरंगाबाद (२०२३पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर) शहरातून भल्या सकाळी सायकल काढायची, हर्सूलवरून चौक्याचा घाट चढून फुलंब्री गाठायची, तिथून पश्चिमेला वळून खुलताबाद आणि वेरूळ करायचे आणि दौलताबादमार्गे संध्याकाळी शहरात परतायचे. साधारण नव्वद किलोमीटरचा हा फेरा. वाटेत तीन नद्यांची खोरी लागतात, तलाव लागतात आणि बाराशे वर्षांचा इतिहास लागतो. मोटारीतून येणारा पर्यटक हाच परिसर तुकड्यातुकड्यांत पाहतो, आधी किल्ला, मग लेणी, मग कबर. मोटारीत चढ जाणवत नाही. सायकलवर मांड्या भरून येतात, तेव्हा चढ कळतो आणि पाणी कुठून कुठे वाहते तेही कळते. या मुलखाचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात या पाण्यापासून करावी असे मला वाटते.

पहिला थांबा हर्सूलचा तलाव. जायकवाडीचे पाणी येण्याआधी शहराची बरीच मदार याच्यावर होती, आणि जुन्या शहराच्या काही भागाला आजही इथूनच पाणी मिळते. तलाव खाम नदीवर आहे. शहरात शिरल्यावर तिची जी दशा होते ती पाहिलेल्या माणसाला इथे ती नदी आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. पण औरंगाबाद जन्माला आले ते याच खोऱ्याच्या जोरावर. १६१० साली मलिक अंबरने खडकी या गावाला निजामशाहीची राजधानी केले, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. फौज, घोडे, कारागीर, बाजार, सगळे येणार आणि गाव कोरड्या खडकावर.

अंबरने काढलेले उत्तर म्हणजे नहर-ए-अंबरी. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांत मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करायचे, उतार साधत ते शहरापर्यंत आणायचे आणि खापराच्या नळांतून मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोहोचवायचे. ठिकठिकाणी विटांचे उंच मनोरे उभारले. पाण्याचा दाब तिथे सांभाळला जाई, अडकलेली हवा बाहेर पडे. ना मोट, ना रहाट. पुढे मोगलांच्या आणि निजामांच्या काळात आणखी नहरी झाल्या, पण वाट अंबरने घालून दिली होती. शहरात आजही काही मनोरे रस्त्याकडेला उभे दिसतात. बहुतेकांना ते पडक्या भिंतीचे अवशेष वाटतात.

हा मलिक अंबर मूळचा हबशी, म्हणजे इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या दरबारी चंगेजखानाच्या पदरी राहिला. १६००मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडू पाहणारी निजामशाही त्याने पुढची पंचवीस वर्षे तगवून धरली. त्याच्या फौजेत मराठा सरदार होते आणि शहाजीराजे त्यांतले एक. १६२४च्या भातवडीच्या लढाईत त्याने तिथल्या तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा चिखल केला, असे सांगितले जाते. त्याच लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले. पाणी आणणारा माणूस पाणी हत्यार म्हणूनही वापरू शकत होता. जहांगीरच्या फौजांनी त्याची खडकी १६१६मध्ये आणि नंतर १६२१मध्येही जाळली. तो मात्र शेवटपर्यंत हाती लागला नाही.

हर्सूल सोडले की चौक्याचा घाट. घाटाच्या अलीकडचे पाणी खामेकडे जाते, पलीकडचे गिरिजेकडे. म्हैसमाळच्या डोंगरात उगम पावलेली गिरिजा फुलंब्रीकडून पूर्वेला जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे गोदावरीला. खामही अखेर नाथसागरात, म्हणजे गोदावरीतच. फुलंब्रीत चहा घेऊन पश्चिमेला वळावे. इथून खुलताबादपर्यंतचा रस्ता शेतांतून जातो आणि त्यावर घाईने पाहावे असे काही नाही, हीच त्याची गंमत.

खुलताबादचे जुने नाव रौजा. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब इथे विसावले आहेत. त्यांचा इंतकाल १३३७चा. त्यांचे खलिफा जैनुद्दीन शिराजी १३६९ साली गेले. तापीकाठचे बुऱ्हाणपूर आणि त्याच्या समोरचे जैनाबाद ही नावे या दोघांवरून पडली. गावाजवळच्या डोंगरात सूफी जलालुद्दीन गंज-ए-रवां यांची दर्गा आहे आणि तिच्या पायथ्याशी परियों का तालाब. मूल व्हावे म्हणून इथे नवस बोलणाऱ्या बायकांत हिंदू किती आणि मुसलमान किती, याची मोजदाद कुणी करत नाही.

पण आज खुलताबाद म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच कबर येते. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला जैनुद्दीन शिराजींच्या दर्गाच्या आवारात, उघड्या आभाळाखाली दफन केले. मार्च २०२५मध्ये ती कबर हटवण्याच्या मागणीवरून नागपुरात दंगल पेटली आणि इथे कबरीभोवती पत्रे लागले. मागणी करणाऱ्यांचे राजकारण उघड आहे, त्यावर वेगळे लिहायची गरज नाही. मला बोलायचे आहे ते आपल्याबद्दल. ही एक कबर वाचवणे म्हणजे आपला इतिहास वाचवणे, असे आपल्यातल्या अनेकांनाही वाटू लागले आहे. म्हणजे दख्खनच्या मुसलमानाची ओळख कोणत्या माणसावरून ठरावी, हे आपण विरोधकांना ठरवू दिले.

त्या आवारापासून सायकलने काही मिनिटांवर, गावाच्या वायव्येला मलिक अंबरचा मकबरा आहे. १६२६ साली तो वारला. शेजारी त्याच्या बेगमेचा, बीबी करीमाचा मकबरा. मोगलांशी आयुष्यभर लढलेला वजीर आणि मोगल बादशहा एकाच गावात निजलेले आहेत. हैदराबादचा पहिला निजामही इथेच आहे. बादशहाच्या कबरीपाशी पोलीस, कॅमेरे, वाद. अंबरच्या मकबऱ्यापाशी बहुतेक वेळा शेळ्या.

इथून उतारावर वेरूळ. आठव्या शतकातले राष्ट्रकूटांचे कैलास लेणे सगळे जग पाहते. त्याच गावात शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांची पाटीलकी होती. घृष्णेश्वराचे देऊळ त्यांनी सावरले आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते नव्याने बांधले, जवळच्या शिवालय तीर्थाच्या कुंडासह. इथली येळगंगा पावसाळ्यात लेण्यांच्या कड्यावरून धबधबा होऊन कोसळते.

वेरूळहून पुन्हा खुलताबादचा चढ चढावा लागतो. दुपारच्या उन्हात तो खरा कस काढतो. मग दौलताबादच्या घाटाने खाली. वाटेत कागजीपुरा. हाताने कागद करणाऱ्या कागजींचे हे गाव, आणि इथली परंपरा तुघलकाच्या काळापर्यंत मागे नेली जाते. दिल्लीहून दरबार, उलेमा, सूफी आले म्हणजे कागदही लागणारच. मुहम्मद तुघलकाचे १३२७चे राजधानीचे स्थलांतर आपण शाळेत वेडेपणा म्हणून शिकलो. पण त्या लोंढ्याबरोबर इथे जे रुजले त्याचा हिशेब त्या धड्यात नव्हता.

दौलताबादच्या किल्ल्यात खंदक आणि तोफांपेक्षा हत्ती हौद पाहावा. सुमारे ३८ मीटर लांब-रुंद आणि साडेसहा मीटर खोल. डोंगरांतल्या तलावांचे पाणी नळांनी इथे आणत. आज कोरडा. मोमबत्ता तलाव मात्र डोंगरात अजून आहे. याच किल्ल्याचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे संत एकनाथांचे गुरू. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले सूफी होते, असे परंपरा सांगते. अभ्यासकांत त्यावर वाद आहेत, पण चांद बोधलेंची इथली समाधी पाहून तिला दर्गा म्हणावे की समाधी, हा प्रश्न पडतो.

संध्याकाळी शहरात पाणचक्की. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी फकीर बाबा शाह मुसाफिर यांचा हा तकिया. डोंगरातून आणलेल्या नहरीच्या पाण्यावर इथली चक्की फिरे आणि फकिरांना, विद्यार्थ्यांना, वाटसरूंना त्या पिठाची भाकरी मिळे. फारसी-अरबीचे मोठे विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामी काही वर्षे याच तकियात राहिले आणि १७८६ साली वारल्यावर खुलताबादला दफन झाले. म्हणजे पाणचक्की ते रौजा ही त्यांचीही वाट. हौदाखाली एक मोठे दालन आहे आणि हौदाचा तळ हेच त्याचे छत. दिवसभराच्या उन्हानंतर तिथे शिरले की पाठीवरचा घाम लगेच सुकतो.