ठराव आणि अंमल : रावबहादुर बोले यांची कायदेमंडळांतील कामगिरी

कायदेमंडळाच्या सभासदाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. सभागृहांतील भाषणें छापील वृत्तांतांत सुरक्षित राहतात, मतांची मोजदादही होते. परंतु सभागृहाबाहेर, गांवोगांवच्या पाणवठ्यांवर त्या भाषणांचें काय झालें, हें पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या कामगिरीकडे या दृष्टीनें पाहिलें असतां पुष्कळ बोध होण्यासारखा आहे.

बोले हे भंडारी समाजांतील. कामगार हितवर्धक सभेच्या द्वारें मुंबईच्या गिरणी-कामगारांची बाजू मांडणाऱ्या आरंभीच्या पुढाऱ्यांत त्यांची गणना होते. खोती पद्धतीखालीं भरडल्या जाणाऱ्या कोंकणांतील कुळांचीही त्यांनीं कौन्सिलांत कैवारी म्हणून बाजू घेतली. १९०७ सालीं भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हां त्यांच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्ष बोले हेच होते. त्याच सभेंत कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्यास भेट दिलें. पुढें वीस वर्षांनीं या दोघांचे मार्ग महाडास कसे मिळणार होते, याची त्या दिवशीं कोणास कल्पना असणें शक्य नव्हतें.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं बोले यांचा ठराव कौन्सिलनें संमत केला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व राखलेले, किंवा सरकारनें नेमलेल्या अथवा कायद्यानें निर्माण झालेल्या संस्थांच्या देखरेखीखालीं असलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायालयें, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. या ठरावांतील खरी मेख ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांत आहे. त्यानें धर्मशास्त्राचा वाद उकरून काढला नाहीं, कीं कोणाच्या भूतदयेस आवाहन केलें नाहीं. ज्या तिजोरींत सर्वांचा कर पडतो, तिच्यांतून राखलेल्या पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, एवढेंच त्याचें म्हणणें. दयेचा प्रश्न अशा रीतीनें हक्काचा झाला.

परंतु १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वयें कौन्सिलचा ठराव ही केवळ शिफारस होती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत सरकारनें आपल्या खात्यांस त्याप्रमाणें वागण्याची आज्ञा केली. म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें यांवर मात्र तितकी सक्ती झाली नाहीं. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला खरा. पण स्पृश्यांच्या धाकामुळें अस्पृश्यांच्या घागरी त्या पाण्यास लागल्या नाहींत.

येथें सामान्य सभासद थांबला असता. ठराव संमत झाला, वर्तमानपत्रांत नांव आलें, कार्यभाग आटोपला! बोले थांबले नाहींत. ऑगस्ट १९२६ मध्यें त्यांनीं पुन्हा ठराव आणला कीं, ज्या म्युनिसिपालिट्या व बोर्डें पूर्वीचा ठराव अंमलांत आणणार नाहींत, त्यांस सरकारनें अनुदान देऊं नये. पैशाच्या न्यायानें उघडलेलें दार पैशाच्याच किल्लीनें उघडें ठेवावें, असा हा सरळ विचार होता.

तरीही पाण्यापर्यंतचें शेवटचें अंतर लोकांनाच चालावें लागलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों माणसें चवदार तळ्यावर गेलीं व तेथील पाणी प्यालीं. परततांना त्यांच्यावर लाठ्यांचे प्रहार झाले. ऑगस्टमध्यें म्युनिसिपालिटीनें आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. डिसेंबरांत दिवाणी दावा दाखल होऊन तात्पुरता मनाई हुकूम निघाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलें आणि १७ मार्च १९३७ रोजीं निकाल लागला : अस्पृश्यांस वगळण्याची अनादि वहिवाट वादी सिद्ध करूं शकले नाहींत. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षें लोटलीं होतीं.

मग बोले यांचा ठराव निष्फळ म्हणावा काय? तसें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. महाडास जमलेले लोक कायदा मोडावयास गेले नव्हते. कायदेमंडळानें मान्य केलेला हक्क बजावण्यास गेले होते, आणि हें बळ त्यांस त्या ठरावानें दिलें होतें. उलट, केवळ ठरावानें काम झालें असें मानणेंही तितकेंच चुकीचें आहे. लोक चालून गेले नसते, तर तो कागद दप्तरांतच राहिला असता.

१९५० सालीं अंमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत राज्याच्या पैशानें पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तळीं व घाट यांच्या वापरास जातीमुळें आडकाठी नसावी, असें सांगितलें आहे. १९२३ च्या ठरावांतील विचार तेथें शिफारशीच्या पायरीवरून मूलभूत हक्काच्या पायरीवर चढला. मुंबईंत दादरच्या एका रस्त्यास आज बोले यांचें नांव आहे. त्या रस्त्यानें जाणाऱ्यांस तें नांव कोणाचें, हें ठाऊक असो वा नसो. नळावर किंवा विहिरीवर कोणी कोणास अडवीत असेल, तर तेथें बोले यांचा ठराव अजून अमलांत यावयाचा आहे, एवढें आपण ध्यानांत ठेविलें पाहिजे.