गुरुदक्षिणा, डाली आणि नाताळची भेट

डिसेंबर महिना अर्धा सरला कीं, ज्यांचीं मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात त्या घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : नाताळानिमित्त बाईंना काय द्यावयाचें? भाताच्या बांध्यांनीं आणि रानानें वेढलेल्या आमच्या चिचगडासारख्या गांवींही हा प्रश्न आतां कानीं येऊं लागला आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु शिष्यानें काय द्यावें, केव्हां द्यावें आणि शिक्षकानें काय घ्यावें, याचा विचार आपल्या देशांत फार पुरातन आहे. त्या इतिहासाकडे आज आपण क्षणभर वळून पाहूं. म्हणजे बाजारांत जाण्यापूर्वीं मनाशीं कांहीं निश्चय करणें सोपें जाईल.

बृहदारण्यकोपनिषदांत जनक राजा आणि याज्ञवल्क्य यांचा संवाद आहे. एकेक उपदेश ऐकून राजा सहस्र गाई देऊं करतो, आणि याज्ञवल्क्य उत्तर देतात कीं, शिष्याला पुरतें शिकविल्यावांचून त्याजपासून कांहीं घेऊं नये, असें माझ्या वडिलांचें मत होतें. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांतही हाच दंडक आढळतो. अध्ययन संपून समावर्तनाचें स्नान होईपर्यंत शिष्यानें गुरूला कांहीं देऊं नये. नंतर त्याच्या आज्ञेनें यथाशक्ति द्यावें. काय द्यावें याची यादीही तेथें आहे. जमीन, सोनें, गाय व घोडा यांपासून निघून ती छत्री, जोडा, आसन, धान्य, वस्त्र आणि भाजीपाला येथपर्यंत येते. धनवंताचें सोनें आणि गरिबाच्या परसांतील भाजी यांना एकाच यादींत जागा मिळाली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. तितकेंच महत्त्व वेळेला आहे. शिक्षण चालूं असतां दिलेली वस्तु गुरूच्या हातांतील तराजू एका बाजूस झुकवूं शकते. शिक्षण संपल्यावर दिलेल्या वस्तूला तो दोष लागत नाहीं. मात्र याच स्मृतीनें शूद्रांना आणि स्त्रियांना त्या विद्येचें दार बंद ठेविलें होतें, ही गोष्टही लपवून चालणार नाहीं.

दक्षिणेच्या दोन कथा आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक आहेत. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्स गुरूला दक्षिणा विचारतो. तुझी सेवा हीच दक्षिणा, असें वरतंतु ऋषि सांगतात; पण कौत्स हट्टच धरतो, तेव्हां रागावून ते चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि मागतात. सर्वस्वाचें दान करून बसलेला रघु त्याच्यासाठीं द्रव्य मिळवितो आणि सगळें देऊं पाहतो. कौत्स मात्र गुरूला देय तेवढ्याहून एक कवडी अधिक घेत नाहीं. दुसरी कथा महाभारतांतील एकलव्याची. निषादांचा राजा हिरण्यधनु याचा हा पुत्र. द्रोणांनीं त्याला शिष्य म्हणून पत्करलें नाहीं. त्यानें त्यांची मातीची मूर्ति करून एकट्यानें विद्या साधली. आणि त्याचें कौशल्य पाहिल्यावर द्रोणांनीं त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागून घेतला. न दिलेल्या शिक्षणाची ही दक्षिणा होय! ज्या देवरी तालुक्यांत चिचगड आहे, त्याच तालुक्यांत बोरगाव बाजार येथें आदिवासी मुलांसाठीं एकलव्याच्या नांवाची निवासी शाळा आहे. केंद्र सरकारनें या शाळांची योजना १९९७-९८ सालीं सुरू केली. गुरूनें मागितलें तर नाहीं म्हणण्याचें बळ मुलाच्या अंगीं नसतें, याची आठवण तें नांव प्रत्येक शिक्षकाला करून देत राहील.

पुढें मराठी मुलुखांत पंतोजींच्या शाळा चालत. देवळाची ओवरी किंवा एखाद्या वाड्याची पडवी, धुळपाटी, आणि मोठ्या मुलांनीं लहानांना म्हणून दाखवावयाचे पाढे, असा त्यांचा थाट असे. पंतोजींना ठराविक सरकारी वेतन नव्हतें. थोडे पैसे, कांहीं धान्य, सणावारीं शिधा आणि घरांत मंगलकार्य निघाल्यास एखादें वस्त्र, यांवर त्यांचा संसार चाले. तेव्हां भेट कोणती आणि मजुरी कोणती, हें निवडून काढणें कठीण होतें. जेथें शिक्षकाचें पोट विद्यार्थ्याच्या देणगीवर अवलंबून असतें, तेथें भरल्या घरचा मुलगा पुढें बसतो आणि रिकाम्या हातांचा मुलगा मागें राहतो. दोष केवळ पंतोजींचा नव्हे, व्यवस्थेचा होता.

हें जोतीराव फुले यांनीं ओळखलें होतें. १८५२ सालच्या नोव्हेंबरांत पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत सरकारनें शालजोडी देऊन त्यांचा सत्कार केला. शिक्षकाला उघड सभेंत मिळालेली ती भेट होती. कोणा एका मुलाच्या बापानें गुपचूप आणून दिलेली नव्हती. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शिक्षकाला निदान १२ रुपये पगार असावा, अशी मागणी केली. पुरेसें वेतन मिळालें तरच शिक्षकाची मान ताठ राहते आणि भेट ही भेट राहते.

आतां नाताळकडे वळूं. युरोपांतही शाळेंत भेटींची रीत जुनी आहे. स्कॉटलंडमध्यें फेब्रुवारीच्या २ तारखेस, कँडलमासच्या सणाला, मुलें गुरुजींना पैसे नेऊन देत. आणि ज्याची रक्कम सर्वांत मोठी त्याला शाळेचा राजा म्हणून मिरवीत. कृतज्ञतेचा लिलाव कसा होतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण. त्याच स्कॉटलंडांतून स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं शाळा काढली, गोंडादि जमातींविषयीं माहिती जमविली, आणि त्यांच्या नांवाचें कॉलेज नागपुरांत आजही आहे. आमच्या भागांतील पुष्कळांना नाताळ हा सण मिशनच्या अशा शाळांतूनच प्रथम ओळखीचा झाला.

साहेबांच्या राजवटींत मात्र नाताळाला आणखी एक रूप आलें : डाली. फळें, मिठाई, सुकामेवा यांनीं भरलेली टोपली घेऊन हाताखालचे लोक साहेबाच्या बंगल्यावर हजर होत. कंपनीच्या नोकरांनीं एतद्देशीयांकडून नजराणे घेऊं नयेत, असें १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनें ठरविलें होतें. तरी फळांची टोपली ही कोणाला नजराणा वाटत नसे. वास्तविक नाताळची मूळ रीत अशी नव्हे. वसई-गोव्याकडील ख्रिस्ती घरांतून फराळाचीं ताटें शेजाऱ्यांकडे जातात. तें देणें बरोबरीचें असतें. डाली खालून वर चढत असे. हें ताट दारोदार फिरतें. आपली भेट या दोहोंपैकीं कोणती, हें प्रत्येक पालकानें स्वतःस विचारावें.

आणखी एक विसर पडलेली बाजू आहे, ती मदतनिसांची. ॲन्ड्र्यू बेल यांनीं मद्रासच्या अनाथालयांत मुलांकडून मुलांना शिकविण्याची पद्धत चालविली व १७९७ मध्यें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यांनीं तशीच शाळा काढली, आणि चांगल्या कामाबद्दल मुलांना चिठ्ठ्या देऊन त्यांच्या बदल्यांत खेळणीं देण्याची प्रथा ठेविली. म्हणजे वर्ग एकटा मास्तर चालवीत नाहीं, हें दोनशें वर्षांपूर्वींच मान्य झालें होतें. आपल्याकडे १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी सेविकेच्या जोडीला मदतनीस आली. लहानग्यांना घरून आणणारी, भरविणारी, नाक पुसणारी, रडणाऱ्याला कडेवर घेणारी ती हीच. इंग्रजी शाळांत तिलाच मुलें मावशी म्हणतात. भेटीच्या दिवशीं बाईंच्या टेबलावर ढीग जमतो, आणि मावशी दारापाशीं रिकाम्या हातांनीं उभी असते. हें मुलें पाहतात, आणि त्यांतून जें शिकतात तें पुस्तकांत नसतें.

मग द्यावें तरी काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस सुरू केलेलें काम पुढें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. तेथें वारली मुलांच्या शिक्षणाचीं साधनें म्हणजे खडे, शिंपले, बिया आणि पानें. चिचगडच्या रानांत अशा साधनांची काय वाण? मुलानें स्वतः गोळा केलेल्या बियांची पिशवी, पळसाच्या पानांचा स्वतः लावलेला द्रोण, किंवा स्वतःच्या अक्षरांतील चार ओळींचें पत्र, यांवर किंमतीची चिठ्ठी नसते, म्हणून त्यांची तुलनाही होत नाहीं. पैसे खर्चावयाचेच असतील तर सर्व पालकांनीं मिळून वर्गाला चित्रांचीं पुस्तकें द्यावींत. कोणीं किती दिले तें सांगूं नये. ज्याला जमणार नाहीं त्याचेंही नांव त्यांत असावें. बाईंना जें द्याल तेंच मावशीलाही द्या, आणि मुलाच्या हातून द्या. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या सेवकांना भेटी घेण्यावर नियमांची मर्यादा आहे, तिचाही मान राखा.

नाताळ येतो तेव्हां वार्षिक परीक्षा पुढें असते. म्हणून जुना दंडक आजही उपयोगीं पडतो : नाताळाला शुभेच्छा आणि फराळ पुरे, विशेष कांहीं द्यावयाचें असेल तर तें निकाल लागल्यावर, मूल वरच्या वर्गांत गेल्यावर, जुन्या बाईंना आणि जुन्या मावशीला नेऊन द्यावें. त्या वेळीं त्यांच्या हातीं आपल्या मुलाचे गुण नसतात. तेव्हां उंबऱ्याशीं आलेल्या मुलाला पाहून त्यांना काय वाटतें, हें ज्यानें आयुष्य फळ्यापुढें घालविलें त्याला विचारा.