सबब, बहाणा आणि पोलीस अ‍ॅक्शन

मराठीत ‘सबब’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या विरोधात उभे आहेत. घरात, शाळेत, बाजारात सबब म्हणजे न पटणारे कारण. गृहपाठ न केलेल्या पोराला गुरुजी म्हणतात, ‘सबबी सांगू नकोस.’ उसने पैसे परत मागायला गेलो की समोरचा ‘पुढच्या बाजारी देतो’ म्हणतो, तीही सबबच. पण हाच शब्द कोर्टात गेला की त्याची इज्जत वाढते. निकालपत्राच्या शेवटी ‘सबब, खालीलप्रमाणे आदेश’ असे लिहिलेले असते. तिथे सबब म्हणजे ‘या कारणाने’, ‘म्हणून’. ज्या शब्दाने न्यायाधीश निर्णय देतात, त्याच शब्दाने आपण लेकराला खोटे ठरवतो.

सबब मूळचा अरबी. अरबीत त्याचा जुना अर्थ दोरी. जिच्या आधाराने एखाद्या गोष्टीपर्यंत पोहोचता येते ती. त्यावरून पुढे साधन आणि मग कारण, असा अर्थ विस्तारत गेला. कुरआनची कोणती आयत कोणत्या प्रसंगी उतरली, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला ‘असबाब-ए-नुजूल’ म्हणतात. त्यातला असबाब हे सबबचे अनेकवचन. साधने, वस्तू या अर्थाने तोच शब्द मराठीत ‘सामान-असबाब’ होऊन आला. उर्दूत सबब आजही सरळ कारण आहे. त्यात खोटेपणाचा वास नाही. तो वास शब्दाला मराठीत लागला. कारणे सांगणारी माणसे वाढली, ती ऐकून घेणाऱ्यांचा विश्वास उडाला आणि शब्दच बदनाम झाला, असे मला वाटते.

हे फक्त मराठीत घडले असे नाही. इंग्रजीतला ‘एक्सक्यूज’ हा शब्द लॅटिन ‘काउसा’पासून आला. काउसा म्हणजे कारण, खटला. इंग्रजीतले कारण म्हणजे ‘कॉज’, आरोप करणे म्हणजे ‘अ‍ॅक्यूज’ आणि आरोपातून सुटणे म्हणजे ‘एक्सक्यूज’, ही तिन्ही भावंडे एकाच घरची. दुसरा शब्द ‘प्रीटेक्स्ट’. त्याचा मूळ अर्थ समोर विणणे. म्हणजे खरे कारण मागे ठेवून पुढे विणलेला पडदा.

आपल्याकडे आणखी दोन शब्द आहेत. एक ‘उज्र’. दख्खनच्या जुन्या इनामपत्रांत ‘दरसाल ताजे खुर्दखताचा उजूर न करणे’ असे वाक्य हमखास भेटते. दरवर्षी नवे पत्र आणा म्हणून अडवू नका, असा त्याचा अर्थ. तिथे उजूर म्हणजे हरकत, आडकाठी. पण फिकहमध्ये उज्र म्हणजे खरी, मान्य होणारी अडचण. आजारी माणसाला, प्रवाशाला रमजानचे रोजे त्या वेळी न धरण्याची मुभा आहे; मात्र नंतर ते भरून काढावे लागतात. उज्र जबाबदारी पुढे ढकलतो, संपवत नाही. दुसरा शब्द ‘बहाणा’. तो फारसीतून आला आणि त्याने आपला अर्थ बदलला नाही. फारसीत, उर्दूत, मराठीत आणि आमच्या घरातल्या दखनीत बहाणा हा बहाणाच आहे. ‘बहाने नक्को कर’ म्हटले की पुढे समजावून सांगावे लागत नाही.

शब्दांची ही उजळणी मी करतो आहे, कारण आमच्या बीडच्या, पर्यायाने सगळ्या मराठवाड्याच्या इतिहासातील सर्वांत अवघड पान वाचताना कारण आणि बहाणा वेगळे करता येणे गरजेचे आहे. ते पान १९४८ चे.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. पण विलीनीकरणाला निजाम तयार नव्हता, जनतेचा लढा वाढत होता आणि कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. या लष्करी मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. लोकांत मात्र रूढ झाले ते ‘पोलीस अ‍ॅक्शन’. आमच्याकडची म्हातारी माणसे जन्म, लग्न, दुष्काळ यांचा हिशेब ‘पुलिस अ‍ॅक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ असाच लावत.

रणगाडे आणि विमाने वापरलेल्या कारवाईला पोलीस का म्हणायचे? कारण हैदराबादने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. भारताची भूमिका अशी की, हा देशाच्या आतला प्रश्न आहे, परक्या देशावरचा हल्ला नाही. घरातली अव्यवस्था मोडायला पोलीस जातात, म्हणून पोलीस अ‍ॅक्शन. कारवाईला शब्द कोणता लावायचा, हाही त्या युक्तिवादाचाच भाग होता.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. कारवाईला कारण होते. बहुसंख्य प्रजेला विलीनीकरण हवे होते आणि रझाकारांचे अत्याचार खरे होते. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. मराठवाड्यात तो जुलमाचा प्रतिशब्द झाला, तो उगाच नाही. रियासत वाचवण्याचा बहाणा पुढे करून त्यांनी गावांकडून वसुली केली, न देणाऱ्यांना लुटले, माणसे मारली. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. म्हणजे रझाकारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते आणि त्यांच्या हिंसेला बळी पडणाऱ्यांतही.

प्रश्न सुरू होतो तो शरणागतीच्या आसपास आणि तिच्यानंतर. ज्या कारणासाठी फौज आली, ते कारण संपले होते. तरीही ग्रामीण मराठवाड्यात हजारो साध्या मुसलमानांची कत्तल झाली, घरे लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालानुसार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मेलेल्यांचा आकडा १८ हजारांहून कमी नव्हता. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत किमान ५ हजार. संपूर्ण संस्थानात, अतिशय सावध अंदाजाने, २७ ते ४० हजार.

या कत्तलीला जे कारण सांगितले गेले आणि आजही सांगितले जाते, ते एकच: ‘रझाकारांनी केले, त्याचा बदला.’ माझ्या मते कारण आणि बहाणा यांतला फरक इथेच दिसतो. कारण असते तेव्हा गुन्हेगाराचे नाव घेता येते. अमुक माणसाने अमुक गावात हे केले, म्हणून त्याला शिक्षा. बहाण्याला नाव लागत नाही, टोपी आणि दाढी पुरते. रझाकार कोण, हे शोधण्याचे काम पोलीस आणि न्यायालयाचे होते. विणकर, शेतमजूर आणि त्यांची लेकरे यांच्या मरणाला ‘बदला’ हे कारण लागू होत नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती मी मुद्दाम सांगतो. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना वाचवले आणि त्यासाठी स्वतःची फार मोठी किंमत मोजली, प्रसंगी जीवही दिले. दोघांचा धंदा एक होता. ‘त्या वेळी वातावरणच तसे होते, कोण काय करणार’ ही सबब या विणकरांपुढे टिकत नाही. वातावरण त्यांच्यासाठीही तेच होते.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो प्रसिद्ध झाला नाही. ए. जी. नूरानी यांच्या २०१३ सालच्या ‘द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद’ या पुस्तकामुळे तो सामान्य वाचकापर्यंत पोहोचला. मधल्या सहा दशकांत सबब ठरलेली: जुन्या जखमा उकरल्या तर शांतता बिघडेल. काही काळ हा खरा उज्र असेलही. फाळणीनंतरचा तो काळ नाजूक होता. पण उज्र संपल्यावर रोजा भरून काढावा लागतो, हे आपण वर पाहिले. इथे तो काळ कधीच संपला असे कुणी जाहीर केले नाही.

आपल्या बाजूच्या सबबीही तपासल्या पाहिजेत. सुंदरलाल समितीचे आकडे तोंडपाठ असणारे काही जण रझाकारांचा विषय निघाला की हळूच बाजूला सरकतात. नंतर झालेली कत्तल ही आधी झालेल्या जुलमाची माफी होऊ शकत नाही. जसा आधीचा जुलूम नंतरच्या कत्तलीचे कारण होऊ शकत नाही, तसेच हे. ज्याला १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मनापासून उभे राहायचे आहे, त्याने दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला शिकले पाहिजे. मराठवाड्याची मुक्ती ही खरी आहे. त्या मुक्तीच्या दिवसांत मारली गेलेली माणसेही खरी आहेत.

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकले आहे. आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत अशी थोडीच माणसे उरली असतील. त्यांच्याजवळ बसून गावाचे नाव, मोहल्ल्याचे नाव, कुणी मारले, कुणी लपवले, कुणी भाकरी पोहोचवली, एवढे लिहून घेणे अवघड नाही. मराठीत लिहा, दखनीत लिहा, मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. ‘वेळ मिळाला नाही’ ही सबब आपण आणखी फार दिवस सांगू शकणार नाही, कारण ऐकवणारेच राहणार नाहीत.