हुंडीपासून यूपीआयपर्यंत : सामायिक विश्वासाचा इतिहास

पैसा एका हातातून दुसऱ्या हातात देणे सोपे आहे. परंतु एका गावाहून दुसऱ्या गावी, एका पेढीतून दुसऱ्या पेढीत तो सुखरूप पोहोचविणे हे कोणत्याही काळी एकट्याचे काम नव्हते. देणारा, घेणारा, दोघांचे सराफ अथवा बँका आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी सत्ता अशा अनेकांचे सहकार्य त्यासाठी आवश्यक असते. भारतात या सहकार्याचा इतिहास पाहू गेल्यास प्रथम हुंडीकडे वळावे लागते.

पुण्याच्या व्यापाऱ्यास सुरतेला रक्कम पाठवावयाची असल्यास तो ती पुण्यातील सराफाकडे भरी. सराफ आपल्या सुरतेच्या अडत्यावर हुंडी लिहून देई आणि तेथे ती वटविली जाई. वाटेने रोकड न्यावी लागत नसल्याने लुटीचे भय टळे. या सेवेबद्दल सराफ हुंडणावळ घेई. दाखविताच रक्कम द्यावयाची ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या मुदतीनंतर द्यावयाची ती मुदती हुंडी. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित असामीलाच मिळे. त्यामुळे चोराच्या हाती पडलेला कागद निरुपयोगी ठरे. मूळ हुंडी गहाळ झाल्यास पैठ आणि तीही गहाळ झाल्यास परपैठ लिहून देण्याची रीत होती. पेढ्या परस्परांचे देणे-घेणे वजा करून केवळ बाकी चुकवीत. हे सारे नियम बाजाराच्या वहिवाटीने घडविले होते. ही वहिवाट इतकी दृढ होती, की इंग्रजी अमदानीत १८८१ साली परक्राम्य संलेखांचा कायदा झाला, तेव्हा देशी भाषांतील अशा कागदांची स्थानिक रूढी त्यात अबाधित राखण्यात आली.

या व्यवस्थेचे शिखर म्हणजे मुर्शिदाबादचे जगत्शेठ घराणे. मूळचे मारवाडातील नागोरचे हे ओसवाल जैन कुटुंब पाटण्यामार्गे बंगालमध्ये स्थिरावले. माणिकचंद यांनी पेढीचा विस्तार केला आणि फत्तेचंद यांना मोगल बादशहाकडून 'जगत्शेठ' हा किताब मिळाला. बंगालचा महसूल दिल्लीस पोहोचविण्याचे काम या पेढीच्या हुंडीवर चाले. परंतु राज्याचा आर्थिक व्यवहार एकाच घराण्याशी जखडला, की त्या घराण्याचे दैव राजकारणाशी जखडले जाते. १७६३ साली नवाब मीर कासीम याने महताबराय व स्वरूपचंद या चुलत बंधूंचा वध करविला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने खजिना कलकत्त्यास नेला आणि पेढीचे वैभव ओसरले. पत कितीही थोर असली, तरी ती एकाच आधारावर उभी असणे किती धोक्याचे, हे या इतिहासावरून ध्यानी येते.

पुढे बँका आल्या आणि धनादेशांचा प्रसार झाला, तेव्हा सराफांची जुनीच युक्ती समाशोधन गृहाच्या रूपाने अवतरली. निरनिराळ्या बँकांचे प्रतिनिधी एके ठिकाणी येऊन परस्परांवरील धनादेशांची अदलाबदल करीत. पहिल्या बँकेचे दुसरीकडे १० लाख आणि दुसरीचे पहिलीकडे ९ लाख येणे असेल, तर प्रत्यक्षात १ लाखाचीच रक्कम हलवावी लागे. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाल्यानंतर या हिशेबाला मध्यवर्ती बँकेतील खात्यांचा भक्कम पाया लाभला. १९८० च्या दशकात चुंबकीय शाईच्या अक्षरांचे धनादेश आले आणि छाननीचे काम यंत्रांकडे गेले.

तथापि या पद्धतीत एक दोष होता. हिशेब मिटण्यापूर्वीच एखादा सभासद कोसळला, तर त्याचा भार इतरांवर पडे. मार्च २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँकेने मुंबईतील मांडवी शाखेतून दिलेल्या सुमारे १३७ कोटी रुपयांच्या पे-ऑर्डर वटल्या नाहीत आणि त्यांवर रक्कम देणारी बँक ऑफ इंडिया अडचणीत आली. माधवपुरा बँकेत ठेवी ठेवणाऱ्या गुजरातमधील अनेक लहान सहकारी बँकांनाही झळ पोहोचली. साखळीतील एक कडी तुटली, की व्यवहाराशी संबंध नसलेल्या सामान्य ठेवीदाराच्या आयुष्याची पुंजीही संकटात येते, हे तेव्हा दिसून आले.

त्यानंतरच्या काळात व्यवस्थेची नव्याने बांधणी झाली. मार्च २००४ मध्ये मोठ्या रकमांचा प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे व तत्काळ मिटविणारी आरटीजीएस प्रणाली सुरू झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी आली. २००७ च्या देयक व समाशोधन प्रणाली कायद्याने रिझर्व्ह बँकेस देखरेखीचे अधिकार दिले आणि एकदा झालेला हिशेब अंतिम व अपरिवर्तनीय ठरविला. डिसेंबर २००८ मध्ये रिझर्व्ह बँक व भारतीय बँक संघ यांच्या पुढाकाराने, नफा न वाटणारी कंपनी म्हणून भारतीय राष्ट्रीय देयक निगमाची स्थापना झाली. आरंभी तिचे प्रवर्तक दहा बँका होत्या. बाजारात एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या बँकांनी रस्ता मात्र सामायिक बांधला, हे या घटनेचे मर्म होय.

या रस्त्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस, २०१२ मध्ये रुपे कार्ड आणि ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय अवतरले. दुकानदाराकडे १०० रुपये पाठविताना मोबाईलवरील ॲप केवळ आज्ञा पोहोचविते. निगम ती दोन्ही बँकांकडे नेतो, ग्राहकाची बँक रक्कम वजा करते आणि दुकानदाराची बँक जमा करते. बँकांमधील बाकी नंतर रिझर्व्ह बँकेतील खात्यांत मिटते. एखाद्या बँकेकडून कसूर झाल्यास सभासदांच्या सामायिक हमीची तरतूद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये या मार्गाने एका महिन्यात १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले.

सहकार्य म्हटले, की खर्चाचा प्रश्न येतोच. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. लहान दुकानदारास दिलासा मिळाला. परंतु यंत्रणेचा खर्च बँकांवर राहिला आणि पुढे शासनाला प्रोत्साहन योजना आखावी लागली. सराफाच्या हुंडणावळीचा जुना प्रश्नच नव्या रूपात उभा राहिला. शिवाय बहुतेक व्यवहार मोजक्याच ॲपांमार्फत होऊ लागल्याने निगमाने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रत्येकी ३० टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. तिच्या अंमलबजावणीची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. जगत्शेठांच्या काळातील धडा येथेही आठवावा असाच आहे.

हुंडीचा कागद गेला, वहीची जागा संगणकाने घेतली; तरी व्यवहाराचा पाया बदललेला नाही. दिलेला शब्द पाळणे, हिशेब चोख ठेवणे आणि एकाच्या चुकीचा भार निरपराध्यावर पडू न देणे, या तीन गोष्टी सर्व सहभागी जोवर जपतील, तोवरच ही साखळी टिकेल. सराफांच्या पिढ्यांनी आपल्या पेढ्यांवर ज्या पतीची जोपासना केली, तिचा सांभाळ करण्याचे उत्तरदायित्व आता राष्ट्राच्या सामायिक संस्थांवर आले आहे.