कल्याण ते खोडद

आमच्या घाटकोपरच्या चाळीत एकोणतिसावा रोजा सुटला की आम्ही पोरं गच्चीवर धावायचो, ईदचा चंद्र बघायला. एखाद्याला दिसायचा, बाकीच्यांना ढग. मग अब्बा खाली खोलीत रेडिओ लावायचे आणि गच्चीवर न दिसलेला चंद्र आम्हाला रेडिओवर ऐकू यायचा. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन, त्यामुळे विज्ञानाशी माझा संबंध फारसा आला नाही. पण आज सांगायची आहे ती गोष्टही अशीच, आकाश कानाने ऐकण्याची. आणि श्रोतेहो, ती सुरू झाली आमच्याच मध्य रेल्वेच्या लाइनवर.

१९६५ साली कल्याणला सहा-सहा फुटी ३२ तबकड्या उभ्या राहिल्या. त्या ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या, तिथे वापरून झालेल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांचे तरुण सहकारी त्यांतून सूर्याच्या रेडिओलहरी टिपत. भारतातल्या सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी ही एक. पुढे १९७० मध्ये उटीला मोठी दुर्बीण झाली आणि मग स्वरूपांनी विश्वाच्या बालपणाला हात घातला.

प्रश्न असा होता. जन्मानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व म्हणजे जवळजवळ सगळीकडे सारखा पसरलेला तप्त वायू होता. आज मात्र दीर्घिकांची गावं आहेत, गावांना जोडणारे रस्ते आहेत आणि मधे प्रचंड ओसाड माळ. ही वस्ती बसली कशी? मॉस्कोचे याकोव झेल्डोविच यांनी १९७० मध्ये मांडलं की आधी वायूचे अवाढव्य चपटे थर झाले आणि ते तुटून दीर्घिका झाल्या. शास्त्रज्ञ त्या थराला पॅनकेक म्हणतात, आपण धिरडं म्हणू. दुसरा पक्ष म्हणे, थेंबे थेंबे तळे साचे. आधी लहान गोळे झाले आणि ते जमत जमत मोठे झाले.

धिरडं खरं असेल, तर दीर्घिकांच्या आधीचे हायड्रोजनचे महाकाय ढग कुठेतरी सापडायला हवेत. हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो. पण विश्व फुगतं तशी वाटेतली लहरही ताणली जाते, आणि इतक्या दुरून ती आपल्याकडे ३२७ मेगाहर्ट्झच्या आसपास पोचते. हा क्षीण आवाज पकडणं हे जीएमआरटी या दुर्बिणीच्या मोठ्या उद्दिष्टांपैकी एक होतं.

जागा ठरली जुन्नर तालुक्यातलं खोडद. शेजारी नारायणगाव, म्हणजे विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. जिथे ढोलकी रात्रभर घुमते तिथे शास्त्रज्ञ शांतता शोधत आले, याची मला अजून गंमत वाटते. त्यांना हवी होती ती रेडिओलहरींची शांतता, ढोलकीचा त्यांना काहीच त्रास नव्हता. तबकड्या ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधोमध, सोळा तीन दिशांना, २५ किलोमीटरच्या परिसरात. भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्चही झेपला नसता आणि वाराही. म्हणून बाजेला सुंभ ताणतात तशा पोलादी दोरखंडांवर तारेची जाळी ताणली. ही युक्ती स्वरूपांची. मला ती कवितेसारखी वाटते. जेवढं लागतं तेवढंच ठेवलंय.

४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बीण राष्ट्रार्पण झाली. पण तोवर धिरडं करपलं होतं. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने आदिप्रकाशातले लाखात एक इतके सूक्ष्म चढउतार दाखवले होते. त्यांचा आणि दीर्घिकांच्या नकाशांचा मेळ थेंबे थेंबेवाल्यांशी बसत गेला. ते महाकाय ढग खोडदला सापडले नाहीत. आयुष्याची उमेदीची वर्षं ज्या प्रश्नामागे घातली तो प्रश्नच बदलला, तर माणसाने काय करायचं? खोडदच्या मंडळींनी ऐकणं सोडलं नाही. स्पंदक ताऱ्यांपासून सूर्यापर्यंत बरंच काही या दुर्बिणीने दिलं.

आणि मग २०२० साली आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा आवाज ऐकला. एकेका दीर्घिकेचा तो ऐकू येतच नव्हता, म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत त्यांनी एकावर एक रचले. तेव्हा कळलं, की त्या काळी तारे इतक्या वेगाने जन्मत होते की दीर्घिकांजवळचा हा वायू एक-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. स्वरूपांना हवे होते ते हे ढग नव्हेत, हे खरं. पण हायड्रोजन तोच, आणि कान तेच. ७ सप्टेंबरला स्वरूप गेले आणि १४ ऑक्टोबरला तो निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला.

अलीकडे पुणे–नाशिक वेगवान रेल्वे नारायणगावजवळून न्यायच्या आराखड्याला याच दुर्बिणीचा अडसर आला. तिथल्या माणसांना रेल्वे हवी आहे, आणि का असू नये? मी जन्मभर लोकलला लटकलेला माणूस, माझं मन आधी त्यांच्याकडेच धावतं. पण विजेच्या इंजिनाच्या खरखरीत ८०० कोटी वर्षं चालून आलेली लहर बुडते, हेही आता मला ठाऊक आहे. मग मला अब्बा आठवतात. बातमी लागली की सगळ्या खोलीला गप्प करून रेडिओला कान लावून बसलेले.